शिंप्याचा पंखा

मिस्त्रीने तार दोन बोटांत धरून वाकवली, सरळ केली आणि पुन्हा त्याच जागी वाकवली. वरचं काळं आवरण जसंच्या तसं राहायला हवं आणि आतलं तांबं तेवढं तुटायला हवं, असं ते नाजूक काम होतं. अशा आतून तुटलेल्या तारा शोधण्यात त्याचा जन्म गेला होता. मुद्दाम तोडायची वेळ आज पहिल्यांदाच आली होती. थोड्या वेळाने आत काहीतरी सुटल्याचं बोटांना कळलं. त्याने तार उजेडात धरून पाहिली. बाहेरून कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता.

“झालं का?” काउंटरला रेलून उभ्या असलेल्या शिंप्याने विचारलं. टेबलफॅन त्याचा होता आणि तो दिल्याचा पस्तावा त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

“झालं. मान सरळ असेपर्यंत फिरेल. डावीकडे वळली की तार ताणली जाऊन बंद. परत सरळ झाली की चालू. बसू देत डोकं खाजवत.”

“पण नंतर नीट करून देशील ना? उन्हाळा तोंडावर आलाय.”

“देईन रे बाबा. रडू नकोस.”

मिस्त्रीने तार पंख्याच्या मानेतून वर सरकवली. पंखा उघडलाच होता, तर आतली धूळ ब्रशने झाडली. मोटरचा दांडा ज्यात फिरतो तो बुश सुका पडला होता, त्यात तेलाचे दोन थेंब सोडले. तळाशी जिथून केबल आत शिरते तिथे कुणा अडाण्याने तार नुसतीच कोंबली होती. ती ओढून त्याने तिला आपली नेहमीची उलटी गाठ मारली, म्हणजे कुणाचा पाय अडकला तरी झटका आतल्या जोडापर्यंत जायला नको. जाळीचे स्क्रू आवळले. हे सगळं त्याचे हात करत होते. डोकं कधीच कॉलेजात जाऊन पोचलं होतं.

शिंपी बघतच राहिला. “अरे, तू बिघडवतोयस की दुरुस्त करतोयस?”

“उघडलाय तर घाण तशीच ठेवू?” मिस्त्री खेकसला.

राग त्याच्या अंगात नुसता मुरला होता. कारणही तसंच होतं. गावातलं कॉलेज ते केवढं, दोन मजल्यांचं. पण तिथल्या प्राचार्यांच्या डोक्यात आलं, की प्रत्येक विभागाने शनिवारी गावासाठी काहीतरी केलं पाहिजे. रसायनशास्त्रवाले लोकांच्या घरचं पाणी तपासून देऊ लागले. भाषावाले म्हाताऱ्याकोताऱ्यांचे अर्ज लिहून देऊ लागले. वनस्पतिशास्त्रवाले कुंडीतली झाडं का मरतात ते सांगू लागले. करा की. त्यात कुणाचं काय जात होतं? पण पदार्थविज्ञानवाल्यांना सुचलं काय, तर घरातली बिघडलेली यंत्रं आणा, आमची मुलं फुकट दुरुस्त करून देतील. पंखा आणा, मिक्सर आणा, इस्त्री आणा. मुलं शिकतील, लोकांची सोय होईल. आणि बाजारातल्या मिस्त्रीने काय करावं, हे सांगायला मात्र कुठला विभाग नव्हता.

पहिल्या काही शनिवारी लोक लाजले. मिक्सर पिशवीत घालून, मान खाली घालून दुकानावरून जायचे. पुढे लाजही गेली. “काय मिस्त्री, बरंय ना?” असं हसत विचारून, काखेत इस्त्री धरून, त्याच्या डोळ्यांदेखत कॉलेजच्या रस्त्याला लागायचे. ज्यांच्या बापाचे रेडिओ त्याने दुरुस्त केले, ते. दुकानातल्या फळ्या एकेक करून रिकाम्या झाल्या. शेजारचा भांडीवाला परवा सहज विचारल्यासारखं म्हणाला, “गाळा सोडणार असाल तर आधी मला सांगा हं.” मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. सोडणार असाल म्हणे.

एकदा तो तावातावाने कॉलेजात जाऊनही आला होता. विभागाच्या मॅडमनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुम्हीच का येत नाही एखाद्या शनिवारी? मुलांना दोन गोष्टी सांगा. आम्ही तुमचा सत्कार करू.” आधी ताटातलं काढून घ्यायचं आणि वर सत्कार करायचा. तो पाणी तसंच ठेवून उठला होता.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे त्याची धाकटी मुलगी त्याच विभागात शेवटच्या वर्षाला होती.

थोरलीला या कामाची कधी गोडी नव्हती. लग्न होऊन ती आपल्या घरी गेली. धाकटी मात्र रांगायची तेव्हापासून दुकानात. खेळणी म्हणून तिला जळके फ्यूज मिळाले होते. तार अंगठ्याखालून सरकवत न्यायची, तांबं तुटलेलं असतं तिथे ती मऊ लागते, हे तिला अक्षरओळखीच्या आधी आलं. शाळेतून आली की दप्तर टाकून त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसायची आणि बघता बघता दुकानातलं अर्धं काम तिने उचललं. तिला कॉलेजात घालताना बायको म्हणाली होती, “अहो, पोरगी हातची जाईल.” त्याने हसण्यावारी नेलं होतं.

शनिवारचं ते खूळ निघालं तेव्हा जेवताना त्याने एवढंच म्हटलं, “त्या टेबलावर तू बसलीस, तर या घरात पाऊल टाकायचं नाही.”

धाकटीने हातातला घास परत ताटात ठेवला. “नाही बसणार,” ती म्हणाली.

आणि बसली नाही. सगळी मुलं बाहेर लोकांचे मिक्सर उघडत बसायची, तेव्हा ती मागच्या खोलीत उपकरणं पुसून ठेवायची. हे त्याला तिच्याकडून नाही, बायकोकडून कळलं, कारण बापलेकींचं बोलणं त्या जेवणापासून कामापुरतंच उरलं होतं. काल मात्र तिने आईला सांगितलेलं त्याने दाराआडून ऐकलं. शनिवारी वरून पाहुणे येणार आहेत. एकेका विभागाचं काम बघणार आहेत. कुठला विभाग ठेवायचा आणि कुठला बंद करायचा ते त्यावर ठरणार आहे.

मिस्त्रीने तिथल्या तिथे ठरवलं. शिंप्याकडून पंखा आणला तो त्याच संध्याकाळी.

शनिवारी कॉलेजचं खालचं सभागृह माणसांनी फुलून गेलं होतं. प्रत्येक विभागाचं एक टेबल, टेबलावर विभागाच्या नावाची पाटी, मागे पांढऱ्या कोटातली मुलं. मिस्त्री दाराजवळच्या खांबाला टेकून उभा राहिला. पाण्याच्या बाटल्या घेऊन बायका रांगेत होत्या. एक म्हातारा भाषावाल्या मुलीला आपल्या सुनेविरुद्धचा अर्ज सांगत होता आणि ती बिचारी लिहू की नको अशा पेचात पडली होती. एरवी त्याला हसू आलं असतं. आज त्याला त्या पाट्यांचा, त्या पांढऱ्या कोटांचा, ताज्या पुसलेल्या फरशीचासुद्धा राग येत होता.

शिंप्याने ठरल्याप्रमाणे पंखा टेबलावर ठेवला. “मधेच बंद पडतो,” एवढंच बोलला. खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं होतं, त्यामुळे तो सारखा कपाळ पुसत होता.

एका चष्मेवाल्या मुलाने पंखा लावला. पंखा छान फिरला. “चालतोय की, काका.”

“मान फिरवून बघ जरा.”

मान फिरली. डावीकडे गेली आणि पाती मंदावत थांबली. उजवीकडे येऊ लागली तशी पुन्हा सुरू झाली. मुलं सरसावली. बटणं उघडली, कपॅसिटर बदलला, मीटर लावून बघितलं. पंखा सरळ धरून बघत होते, तेव्हा मीटर बरोबरच दाखवणार. एकाने मोटरच गेली म्हणून सांगितलं, दुसऱ्याने त्याला वेड्यात काढलं. लोक जमू लागले. खांबाजवळ मिस्त्रीने हाताची घडी घातली. शिका, तो मनात म्हणाला. शिकणं म्हणजे काय असतं ते कळू दे.

तेवढ्यात पाहुणे येऊन पोचले. दोघे पुरुष, एक बाई, मागे घाम पुसणारे प्राचार्य. त्यांच्यातला टक्कल पडलेला पाहुणा टेबलापाशी थांबला आणि पंख्याकडे बोट दाखवून म्हणाला, “हा काय प्रकार आहे?”

“होईल, सर, आत्ता होईल,” प्राचार्य म्हणाले.

मॅडम पुढे झाल्या. त्यांनी मुलांकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं आणि चष्मेवाल्याला म्हणाल्या, “मागच्या खोलीतून तिला बोलाव.”

मिस्त्री खांबापासून सरळ झाला. हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

धाकटी हात पुसत बाहेर आली. गर्दी बघून थबकली. “मॅडम, मी शनिवारी बाहेर बसत नाही, तुम्हाला माहीत आहे.”

“आजच्या दिवस. माझ्यासाठी.” मग मॅडम पाहुण्यांकडे वळल्या. त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता. “सर, ही आमची सगळ्यात तयारीची विद्यार्थिनी. विभाग राहिला तर पुढच्या वर्षापासून प्रयोगशाळेत हिचीच नेमणूक करायचं आमच्या मनात आहे. मी शब्द दिलाय तिला.”

शब्द दिलाय. घरात एका अक्षराने कुणी बोललं नव्हतं. की बायकोला माहीत होतं? मिस्त्रीला आधी त्याचाच राग आला, की परक्या बाईला माहीत आणि बापाला नाही. मग त्याच्या लक्षात आलं, की बापाला सांगायची सोय बापानेच ठेवली नव्हती. त्याने त्यावर आणखी एक राग धरला, आता कुणावर ते त्यालाही कळेना.

धाकटीने पंखा आडवा केला आणि तळ उघडला. तिचा हात थांबला. केबलच्या त्या उलट्या गाठीवर तिने बोट ठेवलं. मग मागचं झाकण काढलं. आत धुळीचा कण नव्हता आणि बुशवरचं तेल अजून ओलं होतं. तिने मान वर करून शिंप्याकडे पाहिलं. शिंपी छताकडे बघू लागला.

ती गर्दीत शोधू शकली असती. तिने शोधलं नाही. मान खाली घालून तिने मानेतली तार बाहेर ओढली आणि अंगठ्याखालून सरकवत नेली. मिस्त्री तो अंगठा बघत होता. एका जागी अंगठा थांबला, दाबला गेला, तिथेच क्षणभर राहिला. सापडलं होतं. इकडे मुलांनी एवढी उरस्फोड केली आणि तिला एका दमात सापडलं होतं. आता ती चिमट्याने तार कापेल, जोडेल, वर टेप गुंडाळेल आणि त्याचं दुकान या सभागृहात सगळ्यांसमोर बुडेल, असं त्याला वाटलं.

धाकटीने तार परत मानेत सरकवली. झाकण लावलं. स्क्रू आवळले, एकही अर्धवट न सोडता.

“मला नाही जमत, मॅडम,” ती म्हणाली.

“अगं, नीट बघ.”

“बघितलं. आम्हाला इथे नाही जमणार. बाजारातल्या मिस्त्रींकडे न्यायला सांगा यांना. त्यांनाच कळेल.”

कुणीतरी मागून म्हणालं, “शेवटी मिस्त्रीच लागतो.” दोघाचौघांनी माना हलवल्या. हेच, अगदी याच शब्दांत, त्याला ऐकायचं होतं. रात्रभर अंथरुणात त्याने हेच वाक्य घोळवलं होतं. आता ते कानांवर पडलं आणि त्याला पोरीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. हातात सापडलेला बिघाड नाही म्हणून सांगते. हे कुणी शिकवलं तिला?

टकल्या पाहुणा हसला. “ही तुमची सगळ्यात तयारीची? मग विभाग शिकवतो तरी काय?”

मॅडमचा चेहरा पडला. धाकटी टेबलाच्या कडेला दोन्ही हात घट्ट धरून उभी होती. तिच्या कानशिलापर्यंत लाली चढली होती, आणि ती लाजेची नव्हती. हे फक्त एका माणसाला ओळखू येत होतं, कारण चिडला की त्याचंही तसंच व्हायचं.

“अहो, मिस्त्री इथेच आहेत की,” पाण्याच्या रांगेतली एक बाई म्हणाली. “ते काय, खांबापाशी.”

सगळ्यांच्या माना वळल्या. प्राचार्यांना बुडत्याला हात मिळाल्यासारखं झालं. “या ना, या, तुम्ही बघा जरा.” लोकांनी वाट करून दिली. इतक्या दिवसांत त्याच्याकडे पाठ फिरवून गेलेले लोक आदबीने बाजूला होत होते. मिस्त्री त्या वाटेने चालत टेबलापाशी आला.

धाकटीने पेचकस त्याच्यापुढे धरला. “घ्या, बाबा,” ती म्हणाली. तिच्या आवाजात धार होती. “करा दुरुस्त.”

त्याने पेचकस घेतला. झाकण उघडलं, तार बाहेर काढली. अंगठ्याखालून सरकवत नेली. ती जागा आली. मऊ लागली. फक्त बोट दाखवायचं आणि म्हणायचं, हे बघा. उद्यापासून फळ्या भरतील. भांडीवाल्याचं तोंड बंद होईल. मॅडमना कळेल सत्कार कुणाचा करायचा ते. आणि इथे समोर उभी असलेली ही पोर, या लोकांच्या लेखी, बापाला चुटकीसरशी जमलं ते जिला जमलं नाही अशी होऊन घरी येईल.

त्याचा अंगठा त्या जागेवरून पुढे सरकला. तार संपेपर्यंत गेला. मग त्याने कपॅसिटरशी थोडा चाळा केला, मोटरला कान लावला, पंखा एकदा गदगदा हलवला. हे सगळं नाटक त्याला पूर्वी गिऱ्हाइकांपुढे इतर कारागीर करायचे तेव्हा किळसवाणं वाटायचं.

“नाही,” तो म्हणाला. “मलाही सापडत नाही.”

“तुम्हाला पण?” मघाची बाई म्हणाली.

“सांगितलं ना, नाही सापडत. वाइंडिंगमध्ये काहीतरी आहे. जुना माल आहे. याला कुणीच काही करू शकत नाही.” मग तो टकल्या पाहुण्याकडे वळला आणि गरज नव्हती इतक्या जोरात बोलला, “एवढं आयुष्य यात गेलं माझं. मला जे जमत नाही ते या वयाच्या पोरीला जमलं नाही, तर त्यात विभागाचा काय दोष? तिने प्रामाणिकपणे नाही म्हणून सांगितलं. बाकीची पोरं उगाच मोटर बदलायला निघाली होती.”

पाहुण्याने खांदे उडवले. “बरोबर आहे. भंगारात काढायची वस्तू आहे मग ती.” आणि तो पाण्याच्या बाटल्यांकडे वळला. प्राचार्य त्याच्यामागे पळाले. मॅडमनी धाकटीच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याही गेल्या.

लोक पांगायला लागले. पांगताना त्यांचं बोलणं कानावर येत होतंच. मिस्त्रीचा हात बसला आता. वय झालं. नजर गेली असेल. कुणी मुद्दाम टोचून बोलत नव्हतं. ते हळहळत होते, आणि तेच सहन होत नव्हतं.

धाकटी टेबलापलीकडून हलली नव्हती. ती त्याच्या अंगठ्याकडे बघत होती. डोळे भरून आले होते आणि जबडा आवळलेला होता.

“तुम्हाला सापडलं होतं,” ती हळू आवाजात म्हणाली.

“तुला पण सापडलं होतं.”

“मग कशाला बोललात असं? सगळ्यांसमोर?”

“तू कशाला बोललीस?”

तिने त्याच्या हातातला पेचकस जवळजवळ हिसकावून घेतला, झाकण पुन्हा बसवलं आणि पंखा शिंप्याच्या अंगावर ढकलून ती तरातरा मागच्या खोलीत निघून गेली. दार आपटलं नाही, पण आपटण्याच्या बेतात होतं.

दुकानात परत येईपर्यंत शिंपी पंखा छातीशी धरून मागून चालत राहिला. मिस्त्रीने कुलूप उघडलं, पंखा घेतला, तार कापली, तांबं सोलून जोडलं, टेप मारली. पंखा चौफेर मान फिरवत सुरू झाला. “घे,” तो म्हणाला. “आणि कुणी विचारलं तर सांग, आपोआप चालू झाला.”

“अरे, पण लोक काय म्हणतील? तुझं दुकान...”

“तुझं झालं ना काम? जा आता.”

शिंपी गेला. मिस्त्री रिकाम्या फळीकडे तोंड करून बसला. राग गेला नव्हता. कुणाला तरी चांगलं झापावं असं अजून वाटत होतं आणि समोर कुणी नव्हतं.

ऊन उतरल्यावर मागच्या गल्लीतली एक बाई मिक्सर घेऊन दुकानापुढे घुटमळली. पायरीवर एक पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. “मिस्त्री, तुमच्याकडे देऊ का? म्हणजे, आजचं ऐकलं मी. जमेल ना तुम्हाला?”

त्याने मिक्सर हातात घेऊन एकदा हलवला. आतून जो खुळखुळाट आला त्यावरून काय झालंय ते त्याला कळलं. त्याने तो तसाच तिच्या हातात परत दिला.

“पुढच्या शनिवारी कॉलेजात न्या.”

“अहो, पण तिथे तर आज त्या मुलांना...”

“त्या मुलांना देऊच नका,” मिस्त्री खेकसला. “मागच्या खोलीत एक पोरगी असते. तिला बाहेर बोलवा आणि टेबलावर बसवून तिच्याच हातात द्या. नाही म्हणाली तर सांगा, बापाने सांगितलंय म्हणून.”